झाकलेले तळे विकत घेताना



गेल्या फेब्रुवारी महिन्यात खानापूरकडच्या एका खेड्यात एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. त्या घरचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त कॅनडात, टोरोंटो शहराजवळ राहतो. तिकडे घर विकत घेण्याचे त्याच्या मनात असून त्या घराची छायाचित्रे त्याने मोबाईलवर धाडली होती. आजींनी ती मोठ्या हौसेने मला दाखविली. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झाले, लाकडी जिना झाला आणि शेवटी परसाचे चित्र आले. सगळीकडे पांढरेशुभ्र हिम पसरलेले आणि मधोमध पट्ट्यांनी ताणून बसविलेले एक गर्द हिरवे कापड.

"फादर, ही विहीर बुजवली म्हणायची की झाकून ठेवलीय?" आजींनी विचारले.

"आजी, ही विहीर नव्हे. हे पोहण्याचे तळे आहे. थंडीपुरते झाकले आहे."

"एवढ्या थंडीत पोहायला हवंय कुणाला?" असे म्हणून त्यांनी मोबाईल पदराने पुसून सुनेच्या हाती दिला.

आजींच्या या प्रश्नावर सगळे हसले खरे. परंतु त्या घरातील प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घराच्या पहिल्या भरण्यास रक्कम कमी पडत होती व ती उभी करण्यासाठी गावाकडची काजूची बाग विकावी काय, असा विचार वडील मंडळींत चालला होता. मुलाच्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे, ही दुसरी गोष्ट. "तुम्ही इंग्रजी वाचता, फादर, एवढे समजून घेऊन सांगा," असे घरधन्यांनी सांगितल्यावरून मी या विषयात लक्ष घातले. जे वाचनात आले आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना विचारून जे कळले, ते येथे मांडीत आहे. हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या गोवेकर कुटुंबांपैकी पुष्कळांना १९७२ साली युगांडा सोडावे लागले व त्यांतील काही कॅनडात गेली. तेव्हापासून टोरोंटो व मिसिसागा या बाजूस आपल्या लोकांची वस्ती वाढतच गेली आहे, आणि आता बेळगावकडचे तरुणही त्या वाटेने जात आहेत. तेथे घर पाहावयास निघालेल्या माणसास परसात तळे असलेले घर केव्हा ना केव्हा भेटतेच.

आता आजींचा प्रश्न. एवढ्या थंड मुलुखात पोहण्याची तळी का बांधतात? त्याचे कारण असे की तेथील उन्हाळा आखूड असला तरी खराखुरा उन्हाळा असतो. टोरोंटोचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली चार अंशांच्या आसपास असते. पण जुलैमध्ये दुपारचा पारा सत्तावीसपर्यंत सहज चढतो आणि हवा दमट असल्यामुळे अंगाची काहिली होते. मुलांच्या शाळांना त्याच दिवसांत सुट्टी असते. शेजारच्या क्वेबेक प्रांतात तर हिवाळा याहून कडक, तरी तेथील घरगुती तलावांची संख्या लाखांनी मोजावी लागते. बहुधा पंचवीस मेच्या आधीच्या सोमवारी, ज्यास ते लोक व्हिक्टोरिया दिन म्हणतात, त्या सुमारास तळे उघडतात. सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला की ते मिटण्याची भाषा सुरू होते. पाणी तापविण्याचे यंत्र असले तर दोनचार आठवडे अधिक मिळतात. म्हणजे वर्षातून चार महिने तळे, आणि आठ महिने झाकण.

दलालाच्या पत्रकात मात्र चित्र असते ते जुलै महिन्याचे! निळेशार पाणी, काठावर खुर्च्या, खुर्चीवर पांढरा पंचा. विकत घेणारा त्या चार महिन्यांकडे पाहून किंमत देतो आणि पुढे त्याला सांभाळावे लागतात ते बाकीचे आठ महिने. म्हणून मला वाटते, अशा घराची परीक्षा करावयाची ती तळे हिवाळ्यात कसे राखले गेले यावरूनच करावी. पाणी किती निळे दिसते याला फारसे महत्त्व नाही.

यासाठी थंडी तळ्यास काय करते हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे पाण्याने भरलेली काचेची बाटली कुणी शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात विसरले तर ती सकाळी तडकलेली सापडते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि त्या वाढीपुढे काच, लोखंड, सिमेंट कुणाचेच चालत नाही. तळ्याच्या मधल्या पाण्याचे एवढे भय नसते. चार अंशांचे पाणी सर्वांत जड असल्याने ते खाली बसते, बर्फ हलका म्हणून वर तरंगतो, आणि वर जाड थर धरला तरी खाली पाणी पाणीच राहते. भय असते ते नळांचे. पाणी गाळून आणणारे व परत सोडणारे नळ काठाच्या फरशीखालून, जमिनीत फार खोल नव्हे अशा पुरलेले असतात. दक्षिण ऑन्टेरिओत जमीन सुमारे सव्वा मीटरपर्यंत गोठते असे धरून घरांचे पाये त्याखाली उतरवितात. तळ्याचे नळ पुष्कळदा त्याहून उथळ असतात. त्यांत पाणी उरले तर ते गोठणार, नळ फुटणार, आणि तो फुटला हे मालकास कळणार ते मे महिन्यात, यंत्र सुरू केल्यावर. मग नळ दुरुस्त करण्यासाठी वरची फरशी फोडणे आले.

म्हणून तिकडे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास तळे 'बंद' करण्याचा मोठा विधीच असतो म्हणा ना. आपण उन्हाळ्यात विहिरीचा गाळ उपसतो. ती जशी ठरावीक माणसांकडून करून घेण्याची कामगिरी, तशीच ही. तळ स्वच्छ करून पाण्याची औषधे जुळवितात. मग पाण्याची पातळी नळांच्या तोंडांखाली आणतात. यंत्राच्या साहाय्याने प्रत्येक नळात जोराची हवा सोडून आतले पाणी बाहेर काढतात व तोंडे रबरी बुचांनी बंद करतात. ज्या नळाची खात्री वाटत नाही त्यात न गोठणारे, विषारी नसलेले द्रव्य ओततात. मोटारगाडीत घालतात ते येथे चालत नाही, ते विष असते. काठाला स्किमर नावाची एक पेटी बसविलेली असते. पाण्यावर तरंगणारी पाने व किडे ओढून घेणे हे तिचे काम. तिच्यात एक पोकळ प्लॅस्टिकची नळी उभी करून ठेवतात, म्हणजे बर्फ फुगला तर पेटीऐवजी ती नळी दबते. युक्ती साधी, परंतु जेथे ती विसरली तेथे पेटी फुटली म्हणून समजावे. शेवटी पंप, गाळणी व तापविण्याचे यंत्र यांतील पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकतात आणि तळ्यावर झाकण चढवितात.

येथे आपल्याकडील मनुष्यास एक शंका हमखास येते, मलाही आली. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळेच पाणी काढून टाकून तळे कोरडे का ठेवू नये? उत्तर ऐकून मी थक्क झालो. रिकामी घागर विहिरीत सोडली तर ती तरंगते. रिकाम्या तळ्याचेही तसेच होते. वसंतात हिम वितळते, जमिनीतील पाण्याची पातळी वर येते आणि ते पाणी तळ्याच्या कवचास खालून उचलू लागते. आत पाण्याचे वजन नसेल तर सिमेंटचे किंवा फायबरग्लासचे आख्खे कवच जागचे उखडून वर येऊ शकते. ज्या तळ्याच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असून आतून विनाईलचे अस्तर असते, त्याच्या भिंती बाहेरच्या मातीच्या दाबाने आत कोसळू शकतात, आणि अस्तर सुकून आक्रसते ते वेगळेच. म्हणून ज्यास या कामाची माहिती आहे तो मालक हिवाळ्यात तळे कधी रिकामे करीत नाही. "तळ स्वच्छ दिसावा म्हणून मुद्दाम रिकामे करून ठेवले आहे," असे कुणी विक्रेता सांगू लागला तर ती खूषखबर समजू नये.

तळी मुख्यतः तीन प्रकारची. थंड मुलुखात विनाईलच्या अस्तराची पुष्कळ दिसतात. बर्फाच्या ओढाताणीत अस्तर थोडे सैल देते, पण दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावे लागते आणि त्यास काही हजार डॉलर पडतात. म्हणून पहिला प्रश्न, अस्तर कोणत्या साली बसविले? सिमेंटचे तळे टिकाऊ व देखणे खरे. मात्र त्यात पडलेली बारीक भेग प्रत्येक हिवाळ्यात रुंदावत जाते. फायबरग्लासचे कवच तयार आणून बसवितात. यांखेरीज जमिनीवरच मोठ्या पिंपासारखे उभे केलेले तळे असते. ते स्वस्त, आणि नको झाले तर काढून टाकता येते. त्याच्यासाठी घराची किंमत वाढवून देण्याचे काही कारण नाही.

आता खरी अडचण. आपला मुलगा घर पाहतो आहे फेब्रुवारीत. तळे झाकलेले, झाकणावर हिम, नळ रिकामे, पंप सुटा करून ठेवलेला. यंत्र चालते की नाही, तळे गळते की नाही, यांपैकी काहीच तपासता येत नाही. आपण गाय घेताना धार काढून पाहतो. येथे गाय भाकड काळात विकली जात आहे. अशा वेळी डोळ्यांना जेवढे दिसते तेवढे तरी नीट पाहावे.

काठाची फरशी व कड एका पातळीत आहे का? चिकणमातीच्या जमिनीत पाणी शोषले जाऊन ते गोठले की जमीन फुगते व वरचे बांधकाम उचलले जाते. ओळंबा सुटलेली कड आणि दोन फरश्यांमधील वाढलेली फट ही त्याचीच खूण. झाकणाची एक कडा उचलून आतील पाण्याची पातळी पाहावी. बंद करताना जेथे होती तेथून ती बरीच खाली गेली असेल तर तळे कोठेतरी गळत आहे. शिवाय झाकणाला खालून पाण्याचा आधार असावा लागतो. तो गेला म्हणजे हिमाच्या ओझ्याने झाकण फाटते. यंत्रांच्या खोलीत जाऊन पंपाच्या अंगावर व गाळणीच्या टाकीवर चीर आहे का, तापविण्याच्या यंत्राखाली गंज साचला आहे का, हे विजेरी घेऊन पाहावे. घर तपासून देणारे जे निरीक्षक तिकडे असतात, ते आपल्या अहवालात तळ्याचा समावेश बहुधा करीत नाहीत. तळ्याचा जाणकार वेगळा आणावा लागतो, त्याची फी वेगळी. ती वाचविण्याचा मोह होतो. तो आवरावा.

डोळ्यांना जे दिसत नाही ते कागदांवरून काढावे लागते. विक्रेत्याकडे तळे बंद केल्याची पावती मागावी. गेल्या वर्षाचीच नव्हे, मागील तीनचार वर्षांची. ज्याने काम केले त्याचे नाव व दूरध्वनी त्या पावतीवर असतोच. त्याला विचारले तर तो तळ्याची कुंडली सांगेल. "मी स्वतःच बंद करतो," असे मालक म्हणाला तर त्यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, पुष्कळ हौशी लोक स्वतः करतात. पण मग त्याने ते कसे केले हे त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे. नळांत हवा सोडली का, स्किमरमध्ये काय ठेवले, पाणी किती उतरविले? ज्याने काम केले आहे तो अडखळत नाही. त्याचप्रमाणे उन्हाळ्यातील नगरपालिकेची पाण्याची बिले पाहावीत. बत्तीस फूट लांब, सोळा फूट रुंद व सरासरी पाच फूट खोल अशा मध्यम तळ्यात सुमारे बहात्तर हजार लिटर पाणी मावते. आपल्या गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे सात टँकर रिकामे करावे तेव्हा हे तळे भरेल. एवढे पाणी एकदा भरले की वर्षानुवर्षे तेच वापरतात. थोडी भर तेवढी घालावी लागते. बिल दर महिन्यास भरमसाट येत असेल तर ते पाणी जमिनीत जात आहे. उन्हाळ्यात घर पाहावयास मिळाले तर एक सोपी परीक्षा आहे. बादलीत पाणी भरून ती तळ्याच्या पायरीवर ठेवावी, बादलीतील व तळ्यातील पातळीवर खूण करावी, आणि चोवीस तासांनी पाहावे. उन्हाने दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरेल. तळ्याचे अधिक उतरले असेल तर गळती आहे. बादलीला काही खर्च येत नाही.

एवढे करूनही शंका उरतेच, आणि तिची सोय साठेखतात करावी लागते. तळे व त्याची सर्व यंत्रे गेल्या हंगामात चालू स्थितीत होती आणि ती हिवाळ्यासाठी नीट बंद केली आहेत, अशी लेखी हमी विक्रेत्याकडून घेण्याची पद्धत ऑन्टेरिओत आहे. तीत एक शब्दयोजना सांभाळावी लागते. 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढेच लिहिले असेल तर पुढे भांडण झाल्यास विक्रेता 'मला माहीत नव्हते' म्हणून मोकळा होतो. त्याहून भक्कम उपाय म्हणजे काही रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवणे व मे-जूनमध्ये तळे उघडून सर्व ठीक आढळल्यावर ती विक्रेत्यास देणे. याला विक्रेते सहजासहजी कबूल होत नाहीत. नाही झाले तर तेवढ्या जोखमीपुरती किंमत कमी मागावी. जी वस्तू जमिनीत पक्की बसविलेली नाही तिचे नावही साठेखतात आले पाहिजे. झाकण, शिडी, तळ साफ करण्याचे उपकरण ही वरवर क्षुल्लक वाटतात. पण हिवाळी झाकण मापाने शिवून घेतलेले असते व ते महाग असते. नावनिशी लिहून घेतले नाही तर पुढे त्यावरून वाद उभा राहतो. तळे नगरपालिकेच्या परवानगीने बांधले होते का, आणि त्याखालून किंवा शेजारून सरकारी नळ वा विजेच्या तारा जातात का, हे वकिलाने पाहिलेच पाहिजे. खेड्याच्या बाजूस घर असेल तर मैल्याची टाकी व तिचे शोषक्षेत्र कोठे आहे हेही पाहावे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. बंद करणे व उघडणे या प्रत्येक कामास काही शे डॉलर पडतात. शिवाय पंपाची वीज, पाण्याची औषधे, तापविण्याचा वायू. उघड्या पाण्याची उष्णता सर्वांत अधिक जाते ती वाफेच्या रूपाने, म्हणून रात्री तळ्यावर पातळ आच्छादन टाकणारा गृहस्थ पुष्कळ पैसा वाचवितो. तळ्याची माहिती विमा कंपनीस दिलीच पाहिजे. शेजाऱ्याचे मूल त्यात पडले तर जबाबदारी मालकावर येते. आणि आपण जेवढे पैसे तळ्यासाठी जास्त देतो तेवढे विकताना परत मिळतील या भरवशावर राहू नये. पुष्कळ कुटुंबांना तळे नकोच असते.

ती का नको असतात? बहुतेकांचे उत्तर एकच: घरात लहान मूल आहे.

येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, वाचकांनी क्षमा करावी. एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंची जी कारणे अमेरिकेत नोंदली जातात, त्यांत बुडून मरणे हे पहिले आहे, आणि या वयाची मुले बुडतात ती अधिक करून घरच्याच तळ्यात. मूल बुडताना आरडाओरडा होत नाही, हात-पाय मारल्याचा मोठा आवाज होत नाही. आई चुलीवरचे दूध उतरवून येईपर्यंत सगळे संपलेले असते. आपल्या विहिरीला कठडा असतो, तो कमरेइतका उंच असतो आणि मुलास त्यावर चढावे लागते. तळे जमिनीच्या पातळीवर असते. चालता चालता पाऊल पडते ते पाण्यातच.

म्हणून तेथील कायद्याने तळ्याला कुंपण सक्तीचे केले आहे. क्वेबेक प्रांताने २०१० साली यासंबंधी नियम केले व २०२१ मध्ये जुन्या तळ्यांनाही ते लागू केले. कुंपण निदान १.२ मीटर उंच हवे, आणि त्याचे दार आपोआप मिटणारे व आपोआप कडी लागणारे हवे. ऑन्टेरिओत प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे असतात. यात एक मेख आहे, ती बाहेरून घर घेणाऱ्यास कळत नाही. पुष्कळ नगरपालिकांत कुंपणाच्या तीन बाजू आणि चौथी बाजू म्हणून घराची भिंत चालते. कायदा पाळला गेला. परंतु स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले की मूल थेट पाण्यापाशी! शेजारच्या मुलास अडविले, घरच्या मुलास नाही. चारही बाजूंनी कुंपण घालून तळे घरापासूनही तोडले, तर परसाच्या तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेने मुलांच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यखात्याने सांगितले आहे. म्हणून घराच्या किमतीत चौथ्या कुंपणाचा खर्च मिळवूनच हिशेब करावा.

हिवाळ्यातही हा धोका झोपी जात नाही. झाकणे दोन तऱ्हेची असतात. एक साधी ताडपत्री, तिच्या कडांवर पाण्याच्या पिशव्या ठेवून दाबलेली. तिच्यावर हिम वितळून पाण्याचे डबके साचते. त्या वीतभर पाण्यातही मूल बुडू शकते, आणि ताडपत्री घसरली तर मूल तिच्याखाली जाते व वरून कुणास दिसतही नाही. दुसरे सुरक्षा-झाकण. ते जाड विणीचे असते व काठाच्या फरशीत ठोकलेल्या पितळी खुंट्यांना पट्ट्यांनी ताणून बांधलेले असते. त्यावर मनुष्य चुकून गेला तरी ते तोलून धरते. घरात मूल असता पहिल्या प्रकारचे झाकण ठेवू नये. त्याचप्रमाणे तळ्यावर धरलेला बर्फ घसरगुंडीसाठी आहे असे मुलांना वाटते. खालचे पाणी थोडे उतरले की बर्फ व पाणी यांत पोकळी राहते आणि वरचा थर वजन पेलत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना जीभ अडखळते, पण लिहितो. आपल्या घाटमाथ्याच्या गावांतील पुष्कळ प्रौढ माणसांना, विशेषतः स्त्रियांना, पोहता येत नाही. नातीला सांभाळण्यासाठी आजी-आजोबा सहा महिने तिकडे जातात, मुलगा व सून दोघेही कामावर जातात, आणि परसात सात टँकर पाणी असते. नात पाण्यात पडली तर तिला बाहेर काढील कोण? या प्रश्नाचे उत्तर दलालाच्या पत्रकात नसते, आणि मुलगा तो स्वतःला विचारीत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे जुलै महिना असतो.

हे सारे मी टिपून घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. व्हरांड्यात बसून मोबाईलवरून मुलाशी बोलणे झाले. तिकडे पहाट होती. अस्तर कधी बसविले हे त्याने विचारलेच नव्हते, पावत्यांचेही नव्हते. "फादर, घर फार सुंदर आहे, दुसरे लोकही पाहून जात आहेत," एवढेच तो दोनदा म्हणाला. त्याचे वडील शेजारी बसले होते, ते काही बोलले नाहीत. काजू मोहरले होते आणि बाग व्हरांड्यातून दिसत होती.

मग आजींनी मोबाईल आपल्या हाती घेतला. "बाळा, कुंपण हाय का तळ्याला?"

"आहे गं आई. तिन्ही बाजूंनी आहे."

"आणि घराच्या बाजूनं?"

तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "तिकडे स्वयंपाकघराचं दार आहे."

बागेचा व्यवहार तूर्त थांबला आहे. मुलाने विक्रेत्याकडे तीन वर्षांच्या पावत्या मागितल्या आहेत, आणि कुंपण घालणाऱ्यास चौथ्या बाजूचे माप घ्यावयास बोलाविले आहे.